एक लाईन बंद

मीटरवर अडतीस टक्के दिसत होते आणि स्कूटर मात्र रस्त्याच्या कडेला ठार बंद पडली होती.

उर्वशीनं चावी काढली, पुन्हा लावली. पडदा उजळला. अडतीस. तिनं मूठ पिळली… काही नाही. पुन्हा पिळली… तरी काही नाही. आकडा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. जानेवारीतली सकाळ, नऊ वाजून गेलेले, दारव्हा अजून सहा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीला आलेला कापूस — आणि मागच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये, सतरा माणसांच्या रक्ताच्या नळ्या.

रक्त ऐकून दचकायचं कारण नाही. उर्वशी आडे दारव्ह्याच्या एका लॅबचं काम करायची. पहाटे तांड्यावरून निघायचं, सात-आठ गावांतून नमुने गोळा करायचे आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. लॅबच्या इंदुताई तशा मायाळू, पण घड्याळाच्या बाबतीत कडक. "तिसऱ्यांदा उशीर झाला, उर्वशी," त्या गेल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "आता झाला तं हा भाग मले पेट्रोलच्या गाडीवाल्याले द्यावा लागीन." तेव्हापासून उर्वशीला घड्याळ पाहिलं तरी धडधडायचं.

मागून एक गाडी आली. आली म्हणजे, आल्याचं कळलंच नाही. आवाजच नव्हता तिला.

"बंद पडली का जी?"

उर्वशीनं मान वळवली. विजेच्या बाईकवर एक पाय टेकून एक तरुण उभा होता. डोक्याला मफलर, मफलरमधून दिसणारे दोन शांत डोळे. अशा वेळी कुणी शांत डोळ्यांनी पाहिलं की जास्तच राग येतो.

"नाई," ती फणकारली. "कापूस पाहून राह्यली मी."

त्यानं खरंच मान वळवून कापसाकडे पाहिलं. चांगलं मन लावून पाहिलं. "पाहा मग. यंदा बोंडं बरी हायेत," म्हणाला — आणि निघाला की!

"ओ…! थांबा ना!"

तो थांबला. मफलरच्या आत हसला असावा, कारण डोळ्यांच्या कडा जरा बारीक झाल्या. उतरून त्यानं मीटर पाहिलं.

"अडतीस म्हणते."

"म्हणते ना! मग चालत काहून नाई?"

"मीटर म्हणते जी. बॅटरी थोडीच म्हणते." त्यानं सीटवर हात ठेवला, ताप पाहावा तसा. "कंपनीनं सांगतलेलं वेगळं, मीटरनं सांगतलेलं वेगळं आणि खरं वेगळं. मी तेच मोजतो, दारव्ह्यात. नयन म्हणतात मले. बसा, पाय लावतो."

त्यानं आपल्या बाईकवरूनच डावा पाय लांब करून तिच्या स्कूटरच्या मागच्या पायदानावर टेकवला आणि दोन्ही गाड्या निघाल्या. ना हिच्या गाडीला आवाज, ना त्याच्या. फक्त वारा आणि मधूनमधून तुरीच्या वाळलेल्या शेंगांचा खुळखुळाट. उर्वशीला आरशात तो तुकड्यांनी दिसत होता… कधी एक कान, कधी मफलरचं टोक, कधी एक डोळा. एकदा डोळा आरशात तिच्याकडेच पाहताना सापडला. तिनं पटकन रस्त्याकडे पाहिलं. मग आपण कशाला लाजलो, हे तिला कळेना. आरसा तर तिचा होता!

दहाला पाच कमी असताना नळ्या लॅबमध्ये पोचल्या.

नयनच्या दुकानावर पाटी होती — "खरी मोजणी". शेजारी तानाबाईंचं चहाचं दुकान आणि समोर जीपा उभ्या राहायची जागा. उर्वशी अकराला तिथे गेली, तेव्हा तिच्या हातात गाडीचे सगळे कागद होते. गोष्ट सरळ होती. बॅटरी विकताना कंपनीनं तिच्यात तीस अँपिअर-तास वीज मावते, असं सांगितलं होतं. तीन वर्षांच्या आत ती एकवीसच्या खाली गेली, तर नवी बॅटरी मिळणार होती. पण मोजणी दोन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवी आणि दोन्ही वेळा आकडा एकवीसच्या खालीच यायला हवा, असं यवतमाळच्या दुकानातल्या साहेबानं बजावलं होतं.

"आणि तीन वर्षं कधी भरतात?" नयननं विचारलं.

"शनवारी."

आज सोमवार होता. नयननं कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "होते," म्हणाला. "पण माह्या इथं एक नियम हाये. बल्ब विझताना मालक समोर पाह्यजे. मागून कोणी म्हणायले नको, का नयननं आकडा इकडचा तिकडं केला."

"कोणते बल्ब?"

त्यानं दाखवले. एका लोखंडी चौकटीवर ट्रकचे जुने हेडलाईट बसवलेले, पुढे चार, मागे चार. भरलेली बॅटरी त्यांना जोडायची. बल्ब तिला पीत राहतात आणि बाजूचं छोटं यंत्र किती प्यायले ते मोजत राहतं. बॅटरी पार रिकामी झाली की सगळे एकदम विझतात. तेव्हा यंत्रावर जो आकडा असेल, तो खरा.

"म्हणजे किती भरलं हाये ते पाह्यासाठी पूर्ण खाली करा लागते?"

"दुसरा रस्ताच नाई."

त्यानं खटका दाबला आणि आठही बल्ब पेटले. दुकान एकदम पिवळंधमक झालं. उर्वशीनं डोळ्यांवर हात धरला. पण पाचेक मिनिटांत त्या बल्बांची ऊब तिच्या गार पडलेल्या बोटांपर्यंत पोचली आणि तिनं हात पुढे केले. शेकत बसली. समोरच्या स्टुलावर तोही बसला.

"तुमी काय मोजता?" त्यानं विचारलं.

"मी मोजत नाई, मी फक्त रक्त काढते. पण कळते ना मग. वरून पाहाल तं माणूस लालबुंद, आणि नळी सांगते हिमोग्लोबिन सात. उभा कसा राह्यला म्हणून नवल वाटते."

"म्हणजे आपला धंदा एकच हाये."

आता 'आपला' हा काही फार मोठा शब्द नाही. वरणातल्या मिठाइतका साधा. पण उर्वशी त्या शब्दापाशी अडकली ती अडकलीच. हा 'आपला' म्हणजे तुमचा-आमचा असा नुसता बोलण्यातला आपला, की… दुसरा? तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो यंत्राकडे पाहत होता. यंत्र तरी आकडा दाखवत होतं, याच्या तोंडावर तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

सव्वादोन तासांनी, बोलता बोलता, आठही बल्ब एकदम गेले. दुकानात अचानक साधा दिवस उरला. आकडा होता वीस पूर्णांक एक.

"एकवीसच्या खाली!" उर्वशी टाळी वाजवून ओरडली. नयननं तो आकडा मोजणीच्या कागदावर लिहिला, तारीख टाकली आणि बॅटरी पुन्हा भरायला लावली. "परवा दुसरी मोजणी करू. तोवर माही ही बॅटरी लावा तुमच्या गाडीले. जुनी हाये, पण खोटं बोलत नाई."

त्या बॅटरीवर त्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. सांगितलेली चोवीस, खरी बावीस. तांड्यापर्यंत ती चिठ्ठी उर्वशीच्या डोळ्यांपुढे होती.

घरी याडीनं, म्हणजे आईनं, चुलीपुढूनच विचारलं. सुखीबाईला बाकी काही कळो न कळो, लेकीच्या गाडीची चिंता मोठी. त्या बॅटरीचं रडगाणं तर शेजारच्या भुरीबाईलासुद्धा पाठ झालं होतं. त्या दुकानवाल्यानं दिलेली बॅटरी कशी आहे, असं याडीनं आपल्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, विचारलं.

"आछो छ," उर्वशी भाकरी मोडता मोडता म्हणाली.

सुखीबाईचा हात थांबला. गोरबोलीत बॅटरी चांगली असली, तर ती 'आछी' असते. 'आछो' असतो तो पुरुष. जन्मापासून ही बोली बोलणारी पोरगी असलं चुकेल कशी?

"आछो?" याडीनं विचारलं.

"आछी, आछी!" उर्वशी घाईनं म्हणाली. तिचे कान तापले होते. याडी नुसती गालात हसली आणि भाकरी उलटवली. उर्वशीला मात्र स्वतःचाच राग आला. दोन दिवसांची ओळखही नाही, आणि आपली जीभ आपल्याआधी भलतीकडेच निघाली?

बुधवारी आभाळ आलं होतं. अवेळी भुरभुर पाऊस. कापसाच्या गाड्यांवर लोक ताडपत्र्या ओढत होते. उर्वशी ओढणीनं केस पुसत दुकानात शिरली. नयननं बॅटरी जोडून तयार ठेवली होती. खटका दाबला. या वेळी पुढचेच चार बल्ब पेटले, मागचे चार अंधारातच राहिले.

"मागचे काहून बंद?"

"तुमच्या… डोळ्यावर येते ना उजेड." तो यंत्राशी उगाच खुडबुड करत म्हणाला. "परवा हात धरून बसल्या होत्या तुमी."

तिला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगा, आतून गुदगुल्या झाल्यासारखं झालं. परवा आपण डोळ्यांवर हात धरला होता, हे याच्या लक्षात राहिलं?

चार बल्बांचा उजेड मऊ होता. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. तानाबाईंनी दोन चहा आणून दिले आणि जाताना नयनकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्यानं मफलर आणखी वर ओढला. मग त्यानं कुठूनसे ओल्या हरभऱ्याचे डहाळे काढले. दोघं घाटे सोलत बसले. तो सोलून सोलून तिच्यासमोरच्या कागदावर दाणे टाकत होता. स्वतः खातच नव्हता.

"तुमी नाई खात?"

"खातो ना."

"कधी?"

"तुमचे झाले का."

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. बल्ब जळतच होते. "आज लय वेळ लागून राह्यला?" तिनं एकदा विचारलं. "थंडी हाये," तो म्हणाला. त्यानं तांड्याबद्दल विचारलं, तिनं होळीची गाणी सांगितली. तिनं त्याच्या घराबद्दल विचारलं, त्यानं वडील रामराव अजूनही म्हणतात, 'उजेड मोजून कोणाचं पोट भरलं', ते हुबेहूब आवाज काढून सांगितलं. ती इतकी हसली, की तानाबाई डोकावून गेल्या. चार वाजले तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच.

सव्वाचारनंतर कधीतरी बल्ब विझले.

दोघं यंत्रावर वाकले. डोक्याला डोकं लागलं, दोघंही हसले… आणि मग आकडा दिसला.

एकवीस पूर्णांक सात.

"हे… कसं काय?" उर्वशीनं आकडा पुन्हा वाचला. "परवा वीस होते ना! दोन दिवसांत बॅटरी सुधरली का?"

नयननं यंत्राची तार हलवून पाहिली. त्याचा चेहरा असा उतरला, की बॅटरी त्याचीच असावी.

"नयनजी, ऐका ना. सात दशांशाचा तं प्रश्न हाये. वीस लिहून टाका. कोण पाह्यते?"

"नाई लिहिता येत." त्यानं पेन उचलला. "जे आलं ते लिहा लागीन. आज खोटं लिहिलं तं परवाचंही खोटं ठरते." आणि त्यानं लिहिलं. एकवीस पूर्णांक सात. तारीख.

"मग माही बॅटरी गेली. माहं काम गेलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून ती आणखी चिडली. "आणि तुमी हरभरे सोलून राह्यले!"

"परत एकदा मोजू. उद्या."

"उद्या काय वेगळं येईन?"

तो तोंड उघडून थांबला. "थे… म्हणजे काल… नाई, आज… म्हणजे…"

"काय?"

"काई नाई."

ती तशीच निघून गेली. भुरभुर पावसात सात किलोमीटर तिला एकच कोडं पडलं होतं. जो माणूस सात दशांशासाठी खोटं लिहीत नाही, तो 'काई नाई' म्हणताना मात्र धडधडीत खोटं बोलत होता. कशासाठी?

गुरुवारी नळ्या देऊन ती दुकानात गेली, ती त्याची बॅटरी परत करायला. मनात दुसरं काही नव्हतं… असं तिनं स्वतःला रस्ताभर समजावलं होतं. दुकानाला कडी होती. "बस वं माय," तानाबाईंनी बाकडं पुसलं. "सकाळच्या जीपनं यवतमाळले गेला थो. येईनच आता. रात्रभर झोपला नाई म्हणते."

"काहून?"

तानाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुह्यापाईच. आता तुले म्हणून सांगते. थो नेहमी दोन लाईनी चालवते. पाच वर्षं झाले, मी पाहून राह्यली नं. पण काल तू आली, आणि यानं तुह्यासाठी एक लाईन बंद केली! तवाच मी समजली, पोरगं गेलं कामातून."

उर्वशीच्या हातातला चहा हातातच राहिला.

दोन लाईनी? पाच वर्षं? म्हणजे हा शांत डोळ्यांचा, मफलरवाला, खरी मोजणीवाला… एकाच वेळी दोन-दोन पोरींना लाईन मारणारा? आणि त्यातली एक आता बंद केली, म्हणजे आपल्यावर उपकार केले? आणि दुसरी? दुसरी चालूच? तिला राग आला, पण रागाच्या खालून काहीतरी भलतंच टोचत होतं. आपल्यासाठी एक बंद केली, याचा थोडा… थोडा आनंदही झाला होता! त्या आनंदाचाच तिला जास्त संताप आला. मत्सर म्हणतात तो हाच, हे तिला तिथेच, तानाबाईंच्या बाकड्यावर कळलं. आणि मत्सर आहे म्हणजे आधी काय आहे, हेही कळलं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, आणि पडलो ते नेमके चुकीच्या ठिकाणी.

एक वाजता जीप थांबली. नयन उतरला, आणि तिला पाहून जागीच थबकला.

"तुह्या दोन लाईनी हायेत का नाई?" उर्वशी उठून उभी राहिली. तिचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिलाच कळलं नाही. "खरं सांग."

नयन पांढराफटक पडला. "तुले… कोणं सांगतलं?"

"म्हणजे हायेत!"

"हायेत ना. पह्यल्यापासून. दोनीशिवाय माहं काम होत नाई."

"काम होत नाई?"

"पण काल मी एकच ठेवली. तुह्यासाठी. दुसरी पूर्ण बंद केलती, कसम."

"आणि आज?"

"आज चालू करा लागीन," तो मान खाली घालून म्हणाला. "दोनी."

"हे माह्या तोंडावर सांगून राह्यला तू?"

"तुह्याच भल्यासाठी सांगून राह्यलो ना!"

जीपमधली माणसं खिडकीतून डोकी काढून पाहू लागली. तानाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"माहं भलं!" उर्वशीच्या डोळ्यांत आता खरंच पाणी होतं. "कोण हाये थे दुसरी? नाव सांग तिचं!"

"नाव…?" नयन गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला. "तिले कायचं नाव? मागची."

"मागची कोण?"

"मागची लाईन! चार बल्ब!"

मग जीपमधून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"बल्ब?" उर्वशी म्हणाली. तिला कुठे पाहावं कळेना.

"पुढच्या चारची एक लाईन, मागच्या चारची एक." तो बोलत होता, पण अर्धवटच. तिनं काय विचारलं होतं, ते आता हळूहळू त्याच्याही ध्यानात येत होतं आणि मफलरमधून दिसणारे कान लाल होत होते. "तुले वाटलं का मी…?"

"मले काई वाटलं नाई. बल्बाचं सांग."

त्यानं मफलर काढला. पहिल्यांदाच तिला त्याचा पूर्ण चेहरा दिसला. साधाच होता, पण फार घाबरलेला.

"दोन लाईनी लावल्या तं सव्वादोन तासांत बॅटरी खाली होते. एक लावली तं पावणेपाच तास लागतात. आणि बल्ब विझेपर्यंत मालकाले बसाच लागते… माहाच नियम हाये." त्यानं मफलरची घडी केली. "तू जास्त वेळ बसावी म्हणून एक बंद ठेवली. डोळ्याचं नुसतं निमित्त होतं. पण थकलेल्या बॅटरीची एक गंमत असते. घाईनं मागतलं तं लवकर हात टेकते, हळूहळू मागतलं तं जास्त देते. थे मी विसरलो. म्हणजे तुह्यासमोर आठवलंच नाई. आकडा पाह्यला तवा ध्यानात आलं, आणि सांगाची हिंमत झाली नाई."

उर्वशीला एकाच वेळी हसू येत होतं, रडू येत होतं आणि त्याला चांगलं झोडपावंसंही वाटत होतं. "माह्या कामाचा प्रश्न होता, नयन."

"म्हणूनच सकाळी यवतमाळले गेलतो. त्या साहेबाले सांगतलं, दुसरी मोजणी चुकीची झाली, माह्या हातून. तिसरी चालते म्हणे. पण कागदावर चूक लिहून द्या म्हणे." तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहून बोलला. "मी देतो लिहून. पाटीवर 'खरी मोजणी' लिहिलं हाये मी. आता खरंच सांगतो, तू मले आवडते. पावणेपाच तासही कमीच वाटले."

दुकानाची कडी तिनंच काढली, आत जाऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लाव. दोनी लाव."

बॅटरी रात्रीच भरून ठेवलेली होती. आठही बल्ब पेटले, दुकान लख्ख झालं. "डोळ्यावर येते ना?" त्यानं हळूच विचारलं. "येऊ दे," ती म्हणाली. सव्वादोन तास दोघं समोरासमोर बसून होते. एवढ्या उजेडात कुणाला काही लपवताही येत नव्हतं. त्यानं चारदा पाहिलं, चारही वेळा ती त्याच्याकडेच पाहत होती.

बल्ब विझले. वीस पूर्णांक दोन.

नयननं आकडा लिहिला. मग कागदाच्या तळाशी 'शेरा' होता, तिथे पेन टेकवून त्यानं लिहिलं — दुसऱ्या मोजणीच्या वेळी एक लाईन बंद होती. मोजणाऱ्याची चूक. खाली सही केली.

शुक्रवारी ती एकटीच तो कागद घेऊन यवतमाळला गेली. दुकानातल्या साहेबानं चष्मा वर करून शेरा दोनदा वाचला. "हे काय? एवढं काय चुकलं मोजणाऱ्याचं?"

"त्यानं घाई केली नाई," उर्वशी म्हणाली.

साहेबाला काही उमगलं नाही. त्यानं शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी नवी बॅटरी आली. इंदुताईंनी सगळी गावं उर्वशीकडेच ठेवली, आणखी दोन वाढवून दिली. घरी याडीनं भाकरी थापता थापता मुद्दाम विचारलं, आछी की आछो? उर्वशीनं या वेळी कान तापू दिले आणि सांगितलं, दोन्ही. सुखीबाईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, बापाला मी सांगते, तू घाई करू नको. बाप भावसिंग ऐकून काय म्हणणार, त्या रामरावांच्या घरी काय होणार, यातलं उर्वशीला काहीच माहीत नव्हतं. पण तिलाही आता घाई नव्हती.

रविवारी सकाळी ती दारव्ह्याला पोचली, तेव्हा नयन दुकान झाडत होता. तिनं नवी बॅटरी काढून त्याच्यासमोर ठेवली. कंपनीचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता तिच्यावरचा.

"ही मोजाची हाये."

"नवी हाये. हिले काय मोजतं?"

"सांगतलेले तीस हायेत. खरे किती, ते खाली केल्याबिगर कळते का?"

नयन हसला. बॅटरी उचलून त्यानं चौकटीला जोडली. "दोन लाईनीवर सव्वातीन तास," तो यंत्र शून्यावर आणत म्हणाला.

"एकच लाव."

त्याचा हात खटक्यावरच थांबला. "सात तास लागतीन, उर्वशी."

"मी डबा दोघांचा आणला हाये." ती स्टूल ओढून बसली आणि पिशवीतून ओल्या हरभऱ्याचे डहाळे काढून त्याच्यापुढे ठेवले. "सोल."

पुढचे चार बल्ब पेटले. मागचे चार अंधारातच राहिले. नयननं एक घाटा सोलला, दाणे तिच्या ओंजळीत टाकले आणि भाबडेपणाचा आव आणून विचारलं, "आणि दुसरी लाईन?"

"दुसरी?" उर्वशीनं त्यातला एक दाणा त्याच्या तोंडात कोंबला. "दुसरी लावून तं पाहा!"